अंगण, अंधार आणि गाता आवाज

मराठी रंगभूमीच्या इतिहासलेखनात ‘अपारंपरिक रंगस्थळ’ ही संज्ञा प्रायोगिक चळवळीच्या संदर्भात रूढ झाली. नाट्यगृहाऐवजी शाळेचे सभागृह, गच्ची किंवा तालमीची खोली येथे नाटक झाले की त्या जागेला अपारंपरिक म्हणावयाचे आणि त्या निवडीचे श्रेय आधुनिक जाणिवेला द्यावयाचे, असा प्रघात पडला. या प्रघातामागे कमानी रंगमंच हीच मराठी नाटकाची परंपरा होय, असे गृहीतक आहे. गद्य नाटकाच्या बाबतीत ते काही अंशी चालून जाते. गायिलेल्या नाटकाच्या बाबतीत मात्र ते तपासून घ्यावे लागते. विशेषतः अंधाऱ्या आशयाचे, मोजक्या गायक-वादकांचे संगीतनाट्य आपल्याकडे विरळ का राहिले, या प्रश्नाचे उत्तर रंगस्थळाच्या इतिहासात शोधण्याजोगे आहे.

पश्चिमेत ज्याला चेंबर ऑपेरा म्हणतात तो प्रकार दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये नव्याने उभा राहिला, तो काही अंशी टंचाईमुळे. भव्य वाद्यवृंद आणि मोठे समूहगान परवडेनासे झाले होते. बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराने १९४६ मध्ये ‘द रेप ऑफ ल्युक्रीशिया’ मोजक्या गायक-वादकांसाठी रचले. १९५४ मध्ये व्हेनिस येथे प्रथम सादर झालेल्या त्याच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’मध्ये अवघे तेरा वादक आहेत. मृतांची छाया दोन मुलांवर पडत जाते, हा तिचा विषय. पुढे १९६४ मध्ये ‘कर्ल्यू रिव्हर’ ही संगीतिका सफोकमधील ऑर्फर्डच्या चर्चमध्ये झाली. ब्रिटनने १९५६ मध्ये जपानात ‘सुमिदागावा’ हे नो नाटक पाहिले होते, त्यावर ती आधारलेली आहे. हरवलेल्या मुलाचा शोध घेणारी एक वेडी आई नदीकाठी येते, नावाडी तिला पलीकडे नेतो आणि तेथे तिला मुलाचे थडगेच आढळते. सर्व भूमिका पुरुषांच्या, वादक सात, संचालक नाही. मठवासी गात गात प्रवेश करतात, प्रेक्षकांसमोरच वेश चढवतात आणि खेळ संपल्यावर पुन्हा मठवासी होऊन निघून जातात.

१९८० मध्ये एडिंबरा येथे पीटर मॅक्सवेल डेव्हिस याची ‘द लाइटहाउस’ ही संगीतिका मोरे हाउस या शिक्षणसंस्थेच्या व्यायामशाळेत प्रथम सादर झाली. १९०० साली स्कॉटलंडजवळच्या एका बेटावरील दीपगृहाचे तीन रक्षक नाहीसे झाले, या घटनेवर ती आधारलेली आहे. तीनच गायक आधी चौकशीला उत्तरे देणारे अधिकारी होतात आणि मग तेच नाहीसे झालेले रक्षक होतात. चौकशीचे प्रश्न शब्दांत येत नाहीत. प्रेक्षकांत बसलेला हॉर्नवादक ते वाद्यावर विचारतो. प्रश्न आपल्याच बाजूने येत असल्यामुळे प्रेक्षकाला केवळ साक्षीदार राहता येत नाही. या दोन्ही कृतींमध्ये जागा हा रचनेचाच घटक आहे. मोठ्या प्रेक्षागृहात आणि वाद्यवृंदाच्या खड्ड्यापलीकडे त्यांचा हा व्यूह विस्कटून जाईल.

या पार्श्वभूमीवर रत्नागिरीच्या दक्षिणेला, मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तेथील पूर्णगडाकडे वळणे प्रस्तुत ठरते. खाडीच्या मुखाशी छोटासा किल्ला आणि खाली कोळ्या-शेतकऱ्यांच्या वाड्या, असा हा मुलूख. येथे कोणती संगीतिका झाल्याची इतिहासात नोंद नाही. परंतु पूर्णगड ज्या रत्नागिरी तालुक्यात येते तेथे, तसेच शेजारच्या राजापूर, लांजा, संगमेश्वर या तालुक्यांत, शिमग्याच्या दिवसांत ‘नमन-खेळे’ हा गायिलेल्या नाट्याचा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. त्याचे रंगस्थळ म्हणजे देवळाची सहाण किंवा घरापुढचे सारवलेले अंगण. मृदंग आणि टाळ एवढेच त्याचे वाद्यसाहित्य. गाणारे एका ओळीत उभे राहतात, देवदेवतांना नमन करतात, मग गण आणि गौळण होते आणि त्यानंतर सोंगे येऊ लागतात. सगळे नट पुरुष असतात. ओळीतला माणूस बाहेर पडून पात्र होतो आणि पुन्हा ओळीत येऊन गाऊ लागतो. बघणारे तीन बाजूंनी इतके जवळ असतात की मशालीचा, पुढे पेट्रोमॅक्सचा, उजेड नटाइतकाच त्यांच्याही तोंडावर पडतो. घराचे अंगण रात्रीपुरते खेळ्यांचे होते आणि उजाडले की तेथे पुन्हा घरची कामे सुरू होतात.

या खेळातील संकासुर हे पात्र प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे. काळा वेश, उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगुर असे त्याचे रूप. अंगणाच्या कडेच्या अंधारातून तो येतो, मुलांच्या अंगावर धावून जातो आणि मोठ्यांची थट्टा करतो. वेद चोरणारा आणि विष्णूच्या हातून मरणारा असुर ही त्याची पुराणातली ओळख. पण काही गावांत त्याला नवसही बोलला जातो. म्हणजे ज्याचे भय वाटते त्याचेच देणेही द्यावयाचे असते. तो नाचत असताना गाणारी ओळ थांबत नाही. देवाचे नमन ज्या आवाजांनी केले त्याच आवाजांच्या आत असुर नाचतो आणि बघणारा त्या आवाजांच्या टप्प्यात असतो. ‘कर्ल्यू रिव्हर’मधील मठवासी आणि खेळ्यांची ओळ यांच्यात ऐतिहासिक संबंध कोणताच नाही. मात्र सामूहिक स्वर, पुरुष नट, समोर बदलणारे रूप आणि लहान जागा यांचा मेळ दोन्हीकडे सारखेच काम करतो. अंधाराला दूर न सारता तो गाण्याच्या कक्षेत ठेवणे, हे ते काम होय.

हा मेळ मराठी नागर रंगभूमीवर कसा सुटत गेला, हे आता पाहिले पाहिजे. १८४२ मध्ये कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. त्यांच्या प्रेरणेने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ सादर केले. भाव्यांच्या नाटकात पदे सूत्रधार आणि त्याचे साथीदार गात, पात्रे त्या पदांच्या आधाराने बोलत आणि वावरत. राक्षस आरडाओरडा करीत, राळेच्या भडक्यात प्रवेश करी. तो स्वतः गात नसला तरी गाण्याच्या वेढ्यात असे, म्हणजे व्यवस्था खेळ्यांचीच होती. १८५३ मध्ये भाव्यांच्या मंडळीचे खेळ मुंबईच्या ग्रँट रोडवरील नाट्यगृहात झाले आणि या व्यवस्थेला पडदा, कमान आणि तिकीट यांची चौकट मिळाली.

निर्णायक बदल १८८० मध्ये घडला. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ने गाणे सूत्रधाराकडून काढून पात्रांच्या मुखी दिले. या बदलाचा गौरव इतिहासकारांनी यथार्थपणे केला आहे, कारण त्यामुळे पात्राच्या अंतरंगाला स्वर मिळाला. त्याची दुसरी बाजू मात्र फारशी तपासली गेली नाही. गाणे पात्राची मालमत्ता झाल्यावर ते कोणाला द्यावयाचे, हा प्रश्न उभा राहिला. ते प्रामुख्याने नायिका, नायक आणि त्यांच्या सहृदांना मिळाले. खलत्व, पतन आणि क्रौर्य यांच्या वाट्याला बहुधा गद्य आले. मोठ्या प्रेक्षागृहात ‘वन्समोअर’ची प्रथा रुजली आणि गाणे प्रसंगापासून सुटून मैफलीकडे सरकले. दाद देणारा प्रेक्षक गाण्याच्या समोर बसतो. गाण्याच्या आत सापडण्याची त्याला भीती राहत नाही.

राम गणेश गडकरी यांच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेले ‘एकच प्याला’ हे या व्यवस्थेचे सर्वांत बोलके उदाहरण ठरते. संगीत नाटकाच्या परंपरेतील ही मोठी शोकांतिका. तिच्यात गणपतराव बोडसांचा सुधाकर गद्यातून अधःपाताकडे जातो आणि बालगंधर्वांची सिंधू आपले दुःख गाण्यातून मांडते. अंधार बोलला जातो आणि करुणा गायिली जाते. नाटकाचे सामर्थ्य या विभागणीत आहे, त्याची मर्यादाही तीच आहे. सुधाकराच्या मनातील अंधाराला स्वर मिळता तर तो कसा असता, हा प्रश्न मराठी संगीत नाटकाने पुढची अनेक दशके विचारला नाही. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ने प्रतिस्पर्ध्यालाच गायक करून त्याला मत्सर आणि व्यथा यांचा स्वर दिला, हा महत्त्वाचा अपवाद. पण गायनकलाच त्या नाटकाचा विषय असल्यामुळे तो अपवाद मैफलीच्या चौकटीत सामावून गेला.

१९७० नंतरच्या दशकात हा प्रश्न दोन दिशांनी सुटू लागला. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम सादर झालेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये गाणाऱ्या-नाचणाऱ्या ब्राह्मणांची ओळ हाच पडदा आहे. समीक्षकांनी तिचे नाते खेळे आणि दशावतार यांच्याशी जोडले, ते योग्यच होय. भास्कर चंदावरकरांच्या संगीतात ही ओळ भक्तिपर स्वरांत गात राहते आणि तिच्या आड व तिच्या साक्षीने क्रौर्य घडते. गाणे निरपराध नाही, हे मराठी रंगभूमीवर येथे स्पष्ट झाले. १९७४ मध्ये आलेल्या सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये मेलेला भाऊराव स्वतःच्या मरणाचे कीर्तन लावतो. कीर्तन हा देवळातला, मोजक्या साथीचा आणि श्रोत्यांच्या निकट उभा राहून गायचा प्रकार. आनंद मोडक यांच्या संगीताने त्या प्रकारातील आश्वासकपणा कायम ठेवला आणि आशयाने तो उलटवला. काळ्या आशयाचे छोटे संगीतनाट्य मराठीत शोधावयाचे तर या दोन कृतींपाशी थांबावे लागते. त्या प्रथम झाल्या मात्र नेहमीच्या नाट्यगृहातच.

नेमक्या त्याच १९७४ साली दादरच्या छबिलदास शाळेत ‘आविष्कार’ने प्रयोग सुरू केले. १९७१ मध्ये अरविंद व सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी उभारलेल्या या संस्थेने नट आणि प्रेक्षक यांच्यातील अंतर कमी केले आणि अनेक नाट्यसंस्थांना परवडणारी जागा दिली. छबिलदासचे ऋण निर्विवाद आहे. परंतु तेथे रुजलेले नाटक मुख्यतः गद्य होते. गाण्यात अंधार आणणारी नाटके मोठ्या रंगमंचावर राहिली आणि निकटची जागा गद्याला मिळाली. हे दोन प्रवाह एकत्र आले असते तर अंगणातील जुना मेळ नागर रूपात पुन्हा घडू शकला असता. तो बहुतांशी घडला नाही, याचे एक कारण समीक्षेच्या वर्गीकरणात आहे. खेळ्यांना ‘लोककला’ या कप्प्यात ठेवल्यामुळे त्यांच्यातून ओळ, मुखवटा, ठेका असे सुटे घटक उचलता आले. त्या घटकांना अर्थ देणारी जागा मात्र उचलण्याजोगी गोष्ट आहे, असे कोणाच्या लक्षात आले नाही. ‘घाशीराम’मधील ओळ कमानीच्या आत प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहते. अंगणातील ओळीला एकच समोरची बाजू नसते.

रंगस्थळाचा विचार केवळ देखाव्यापुरता केला की काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. पूर्णगडासारखा किल्ला पाहताच तटबंदीच्या पार्श्वभूमीवर नाटक करावे, अशी कल्पना सुचणे स्वाभाविक आहे. १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘जाणता राजा’ने मराठी प्रेक्षकाला मोकळ्या मैदानातील महानाट्याची सवय लावली. पण तेथे हजारोंचा जमाव आणि ध्वनिमुद्रित आवाज असतात. छप्पर गेले तरी अंतर वाढलेलेच राहते. उघडी जागा आणि निकटची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किल्ल्याचा तट ‘कर्ल्यू रिव्हर’ला नेपथ्य पुरवील. तिला लागणारी निकटता आणि आवाजाचा वेढा खालच्या वाडीतील अंगणात आधीपासूनच आहे.

दरम्यान खेळ्यांचा प्रवास उलट्या दिशेने होत आहे. गिरणगावात स्थिरावलेल्या कोकणी कामगारांमुळे नमनाचे खेळ परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या ठिकाणी होऊ लागले. ‘बहुरंगी नमन’ या नावाने पडदे, विजेचे रंगीत दिवे, ध्वनिक्षेपक आणि लांबलचक वग यांचा त्यात प्रवेश झाला. या बदलाबद्दल हळहळ व्यक्त करणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. शहरात राबणाऱ्यांना आपला खेळ प्रतिष्ठेच्या जागी व्हावा असे वाटले आणि ती जागा कोणती, हे नागर रंगभूमीनेच त्यांना शिकवले होते. एकीकडे नागर नाटककार नाट्यगृहाबाहेर पडण्यात नवता शोधत असताना अंगणातले नट नाट्यगृहात शिरण्यात मान शोधत होते. दोघांनीही कमानी रंगमंचालाच मोजमाप मानले, एकाने बंडासाठी तर दुसऱ्याने प्रतिष्ठेसाठी.

म्हणून ‘अपारंपरिक रंगस्थळ’ या संज्ञेचा फेरविचार आवश्यक ठरतो. संगीत नाटकाचा इतिहास किर्लोस्करांपासून मोजला तर अंगण हे बंडखोरीचे ठिकाण ठरते. तो गाणाऱ्या ओळीपासून मोजला तर कमानी रंगमंच हा मोठ्या यशाचा, पण मधला टप्पा ठरतो. हा केवळ अग्रक्रमाचा वाद नव्हे. पहिल्या मोजणीत खेळे करणारा गावकरी कच्चा माल पुरवणारा राहतो आणि दुसऱ्या मोजणीत तो एका रंगतत्त्वाचा जाणकार ठरतो. भय, अपराध आणि मरण यांना गायिलेले रूप देऊ पाहणाऱ्या मराठी रंगकर्मींनी एडिंबरातील व्यायामशाळेची माहिती जरूर घ्यावी. मात्र जागेलाच रचनेचा भाग कसे करावे, हे त्यांना शिमग्याच्या रात्री मुचकुंदीच्या काठच्या मुलखातही शिकता येईल. तेथे संकासुर अंगणाच्या कडेला उभा असतो आणि त्याच्यासाठी गाणे थांबवावे, असे ओळीतल्या कोणालाही वाटत नाही.