रावण आणि एडी : एक कादंबरी आणि तिच्याविषयीचे मतभेद

किरण नगरकर (२ एप्रिल १९४२–५ सप्टेंबर २०१९) यांची मुंबईच्या चाळजीवनावरील दीर्घ उपहासप्रधान कादंबरी. मूळ इंग्रजी कादंबरी १९९५ मध्ये पेंग्विनने प्रसिद्ध केली आणि पुढे रेखा सबनीस यांनी तिचा मराठी अनुवाद केला. तिच्या नायकांची कथा ‘द एक्स्ट्राज’ (२०१२) आणि ‘रेस्ट इन पीस’ (२०१५) या दोन कादंबऱ्यांतून पुढे चालू राहिल्याने ही एक कादंबरीत्रयी झाली. मराठी वाचकांत या कृतीविषयी एकमत कधीच झाले नाही. तथापि भाषा, विनोद, रचना आणि चाळीचे चित्र या चार अंगांनी उभे राहिलेले मतभेद मराठी वाचकाच्या अभिरुचीवर प्रकाश टाकतात, म्हणून कादंबरीबरोबरच त्यांचीही नोंद घेणे आवश्यक ठरते.

कथानक : माझगावातील सी. डब्ल्यू. डी. चाळी हे कादंबरीचे स्थळ आहे. त्यांचे नाव काल्पनिक असले, तरी १९२० नंतरच्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड (आताचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी येथे बांधलेल्या बी. डी. डी. चाळींची आठवण वाचकाला सहज होते. चाळीत सर्वांत वरच्या मजल्यावर गोव्याकडील कॅथलिक कुटुंबे आणि खालच्या मजल्यांवर हिंदू कुटुंबे राहतात. पार्वतीबाईंचे तान्हे मूल वरून पडते ते नेमके व्हिक्टर कुटिन्हो यांच्या अंगावर. मूल वाचते आणि व्हिक्टर मरण पावतात. मुलाला दृष्ट लागू नये म्हणून आई त्याचे ‘राम’ हे नाव बदलून ‘रावण’ ठेवते, तर व्हिक्टर यांची गरोदर पत्नी व्हायोलेट हिला पुढे झालेला मुलगा एडी हा रावणाला आपल्या बापाचा खुनी समजून वाढतो. दोघे एकाच इमारतीत राहूनही क्वचितच समोरासमोर येतात आणि त्यांची बालपणे समांतर चालतात: एडी हिंदुत्ववादी संघटनेच्या शाखेत जाऊ लागतो, रावण तायक्वांदो शिकतो; एकाला रॉक-अँड-रोल खुणावतो, दुसऱ्याला ‘दिल देके देखो’ (१९५९) हा हिंदी चित्रपट.

भाषेचा प्रश्न : नगरकरांची पहिली कादंबरी ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (१९७४) मराठीत लिहिली गेली आणि ती गिरगावच्या मौज प्रकाशन गृहाने काढली. ‘रावण आणि एडी’चा आरंभ पटकथेच्या रूपाने झाला, तिचा काही भाग लेखकाने प्रथम मराठीत लिहिला आणि दीर्घ खंडानंतर कादंबरी इंग्रजीत पूर्ण केली. मराठीत नवी वाट पाडणाऱ्या लेखकाने इंग्रजीकडे वळावे, याबद्दल मराठी वाङ्मयीन वर्तुळात नाराजी व्यक्त झाली आणि नगरकरांनीही मुलाखतींतून तिचा उल्लेख केला. या नाराजीमागे एक खरी चिंता होती, ती अशी की, चाळीचे जीवन ज्या बोलीत घडते तिच्याबाहेर नेल्यास त्याचा स्वाद उतरेल आणि ते परक्या वाचकासाठी मांडलेले प्रदर्शन होईल. उलट बाजूने असे सांगता येते की, या चाळीत मराठी, कोकणी, हिंदी आणि इंग्रजी शेजारी-शेजारी बोलल्या जातात, त्यामुळे कोणतीही एक भाषा तिला संपूर्णपणे पुरी पडत नाही. पुढे ‘ककोल्ड’ (१९९७) या इंग्रजी कादंबरीला २००० साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तरीही हा वाद पूर्णपणे शमला नाही.

चाळीचे चित्र : मराठी वाचकाच्या मनातील चाळीची प्रतिमा मुख्यतः पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकाने घडवली. तेथील विनोद प्रेमळ आहे आणि एकत्र राहण्याच्या संस्कृतीविषयीच्या हळहळीत तो विसावतो. नगरकरांच्या चाळीत शेजारधर्म आहे, पण त्याच्या जोडीला भूक, मारहाण, व्यसन आणि परधर्मीयांविषयीचा संशयही आहे. रावणाचा नोकरी नसलेला बाप शंकरराव परस्त्रीला घरात आणून ठेवतो आणि पार्वतीबाई डबे करून संसार ओढते. गिरगाव, लालबाग आणि परळ येथील चाळींत वाढलेल्या वाचकांपैकी काहींना यात आपल्या माणसांची अवहेलना दिसते, तर काहींना आजवर दडवलेले वास्तव प्रथमच उघडपणे सांगितल्याचे समाधान मिळते.

विनोद आणि श्लीलता : या कादंबरीतील लैंगिक प्रसंग, शरीरधर्मांचे मोकळे उल्लेख आणि शिवराळ संवाद अनेकांना खटकतात. असा आक्षेप मराठीला नवा नाही. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ (१९६५) या पुस्तकावर, त्यातील नाक्यावरच्या पोरांच्या भाषेमुळे, आचार्य अत्रे यांनी कडाडून टीका केली होती, आणि पुढच्या पिढीतील दिलीप चित्रे व भालचंद्र नेमाडे यांच्यासारख्या लेखकांनी पाध्ये यांचे महत्त्व आग्रहाने मांडले. नगरकरांचा ग्राम्य विनोद त्याच परंपरेत बसतो. फरक इतकाच की, पाध्ये निवेदन नाक्यावरील पोराच्या तोंडी देतात, तर नगरकर सर्वज्ञ निवेदक, म्हणजे सर्व पात्रांच्या मनातले जाणणारा आणि मधूनमधून वाचकाशी थेट बोलणारा सूत्रधार, योजतात. त्यामुळे तोच शब्द एका पुस्तकात पात्राचा आणि दुसऱ्यात लेखकाचा वाटतो व वाचकाचा रोष लेखकाकडे वळतो.

विषयांतरे : कथा थांबवून निवेदक पाणीटंचाई, दारिद्र्य, हिंदी चित्रपट, गोव्यातील पोर्तुगीज सत्ता अशा विषयांवर लांबलचक टिपणे लिहितो. या पद्धतीला युरोपीय कादंबरीत लॉरेन्स स्टर्न यांच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’पासूनची (१७५९–६७) परंपरा आहे, आणि आख्यानातून उपाख्यान काढणारी कीर्तनाची रीत मराठी वाचकालाही परिचित आहे. तरीही कथानकाची गती अपेक्षिणाऱ्या वाचकाला ही टिपणे अडथळा वाटतात. प्रत्यक्षात कादंबरीचा उपहास मुख्यतः त्यांतच साठलेला आहे. उपहास म्हणजे दोष हास्यास्पद करून त्यावर प्रहार करणे. येथे तो प्रहार व्यक्तींपेक्षा व्यवस्थेवर होतो. अवेळी येणाऱ्या पाण्यासाठी रांगेत उभी राहणारी माणसे एकमेकांवर उठतात, याचे कारण निवेदक त्यांच्या स्वभावात न शोधता शहराच्या विषम वाटपात शोधतो, म्हणून विषयांतर वगळून वाचणाऱ्याच्या हाती केवळ दोन मुलांच्या खोड्या उरतात.

मूल्यमापन : रावण आणि एडी यांची पुरेशी भेट न घडवणे हा रचनेचा दोष असल्याचे मत काही अंशी ग्राह्य आहे, कारण उत्तरार्धात दोन्ही कथा एकमेकींवर फारसा परिणाम न करता चालतात. मात्र एका जिन्याने चढणाऱ्या दोन समाजांत प्रत्यक्ष संवाद किती थोडा असतो, हेच या रचनेतून सिद्ध होते. गिरगावातील खोताची वाडीसारख्या वस्तीत हिंदू व ख्रिस्ती घरे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी असूनही मराठी कादंबरीत ख्रिस्ती शेजारी बहुधा पार्श्वभूमीवरच राहिला. त्याला बरोबरीचा नायक करणे हे या कादंबरीचे ठळक कार्य असून तिच्या भाषेविषयी वा अभिरुचीविषयी आक्षेप घेणाऱ्या वाचकालाही ते मान्य करावे लागते.