उष्टा पेला आणि कोरा पेला

‘उष्टे’ या शब्दाइतका जुना आरोग्यविषयक शब्द आमच्या भाषेत क्वचितच सापडेल. जंतूंचे नाव शाळेच्या पुस्तकांत येण्यापूर्वी कित्येक पिढ्या कोकणात मुलांना तांब्यास ओठ न लावता वरून पाणी पिण्याची शिस्त लावली जात असे. त्या शिस्तीच्या मुळाशी रोगाचे ज्ञान होते की केवळ किळस होती, हा वाद आम्ही येथे घालीत नाही. एका मुखाची लाळ दुसऱ्या मुखात जात नसे, एवढे खरे. परंतु ओठाचे उष्टे आणि जातीचा विटाळ ही दोन्ही एकाच सोवळ्यात गुंडाळलेली असल्यामुळे, आपण नेमके कोणापासून काय राखीत आहोत, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नसे.

महाशिवरात्रीस देवगड तालुक्यातील कुणकेश्वरी यात्रा भरते, आणि तहानलेला यात्रेकरू कागदी पेला हाती घेतो तो निःशंकपणे. पेला कोरा आहे, त्यास कोणाचा ओठ लागलेला नाही, म्हणून तो शुद्ध आहे, अशी त्याची समजूत असते. या समजुतीस एक इतिहास आहे, आणि त्याचा अर्धा भाग परदेशी आहे.

इ.स. १९०८ मध्ये अमेरिकेतील लाफायेत कॉलेजचे प्राध्यापक आल्विन डेव्हिसन यांनी शाळांतील सामायिक पेल्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून एक लेख प्रसिद्ध केला. पेल्याच्या काठावर विद्यार्थ्यांच्या ओठांचे त्वचाकण आणि असंख्य जंतू त्यांस आढळले होते. पुढच्याच वर्षी कॅन्सस संस्थानचे आरोग्याधिकारी डॉ. सॅम्युएल क्रंबाइन यांनी आगगाड्या व शाळा यांतील सामायिक पेल्यास बंदी केली. क्षयरोगी ज्या पेल्याने पाणी पितो त्याच पेल्याने लगेच लहान मूलही पिते, हे त्यांनी गाडीत डोळ्यांनी पाहिले होते. बोस्टनच्या लॉरेन्स ल्युएलन यांनी याच सुमारास कागदी पेला काढला. तो प्रथम ‘हेल्थ कप’ या नावाने विकला जाई; १९१९ मध्ये त्याचे ‘डिक्सी’ असे नामांतर झाले. आदल्याच वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीने जग हादरलेले होते. पेल्याचा खप वाढावयास आणखी जाहिरात ती कोणती हवी होती?

एकदा वापरून टाकावयाचे पात्र कोकणास मात्र अमेरिकेकडून शिकावे लागले नाही. पानांचा द्रोण होता, आणि नारळाची करवंटीही होती. अस्पृश्य मानलेल्या माणसास चहा द्यावयाचा तो करवंटीतून किंवा बाहेर वेगळ्या ठेवलेल्या कपातून, आणि पाणी द्यावयाचे ते उंचावरून ओंजळीत, ही रीत येथील वृद्धांस सांगावी लागत नाही. क्रंबाइन यांचा पेला पिणाऱ्याच्या रक्षणासाठी फेकला जाई. आमची करवंटी पिणाऱ्याचा अपमान करून देणाऱ्याच्या सोवळ्याचे रक्षण करी. दोन्हीस स्वच्छता हेच नाव होते!

या स्वच्छतेचा कस १९२७ साली महाडास लागला. २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि सनातन्यांनी ते तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी त्यात शेण व गोमूत्र ओतविले. रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्याजवळच्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखविल्यास तेव्हा चाळीसांहून अधिक वर्षे लोटली होती. तळ्यात विष्ठा जाऊ देऊ नये हा त्या शोधाचा साधा धडा होता. महाडच्या शुद्धीकर्त्यांनी ती हौसेने घातली. तळ्यावरील अस्पृश्यांचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात सिद्ध व्हावयास १९३७ साल उजाडले.

कॉख यांच्या जंतूकडे पाहिले म्हणजे कोऱ्या पेल्याचे मर्मही ध्यानात येते. पटकी, हगवण, विषमज्वर यांचे जंतू विष्ठेतून पाण्यात व हातांवर येतात. पेल्यास कोणाचा ओठ लागला की नाही याच्याशी त्यांस कर्तव्य नसते. पेल्यांची चवड फोडताना विक्रेत्याचे बोट आतल्या कडेस लागते. चिकटलेले पेले सुटावेत म्हणून कोणी त्यात फुंकर मारतो, आणि उघडी चवड रस्त्याची धूळ खाते. उकळता चहा यातील पुष्कळसे जंतू मारतो. थंड पाणी किंवा सरबत मारीत नाही. शिवाय पेल्यात ओतलेले पाणीच दूषित असेल तर पेला सोन्याचा असूनही व्यर्थ.

हे मूळ ज्यांनी हाताने उपसले असे एक गृहस्थ देवगडच्या शेजारीच होऊन गेले. अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात आपणांस भंगीकाम करू द्यावे म्हणून उपोषण केले, आणि गांधीजींनी येरवड्यास त्यांच्या पाठिंब्यासाठी अन्न सोडले. पुढे १९४८ मध्ये कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापून त्यांनी साध्या, खत देणाऱ्या संडासाचा प्रसार केला. पेल्याविषयी त्यांनी काही लिहिले असो वा नसो, विष्ठा पाण्यात जाऊ न देणे हे पेल्याच्या शुद्धतेचे पहिले प्रकरण आहे, आणि आमच्या मते त्या बाबतीत त्यांचे काम कोणत्याही कागदी पेल्याहून मोठे आहे.

मध्यंतरी प्लॅस्टिकचे युग आले. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिक व थर्मोकोलचे पेले बंद केले. १ जुलै २०२२ पासून केंद्रानेही तशीच बंदी घातली. कागदी पेल्यासही आतून प्लॅस्टिकचे पातळ अस्तर असते. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी दाखविले आहे की, अशा पेल्यात १०० मिलिलिटर गरम द्रव पंधरा मिनिटे राहिला तर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लॅस्टिककण उतरतात.

म्हणून काही दुकानदार पुन्हा काचेच्या व स्टीलच्या पेल्यांकडे वळतात. त्यात गैर काही नाही, पेले धुण्यास साबण व वाहते पाणी असेल तर. सकाळी भरलेल्या एकाच बादलीत दुपारपर्यंत शंभर गिऱ्हाइकांचे पेले विसळले जात असतील, तर ती बादली म्हणजेच क्रंबाइन यांनी आगगाडीतून काढून टाकलेला सामायिक पेला होय.