दक्षिणेची कुळकथा

तळेगाव दाभाडे येथे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दर श्रावणमासात सेनापती दाभाड्यांच्या खर्चाने ब्राह्मणभोजनाच्या ज्या पंगती उठत, त्यांचा मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांशी संबंध पोहोचतो, असे कोणी म्हटले तर ते प्रथमदर्शनी अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु दक्षिणा या संस्थेची वंशावळ मुळापासून लावीत गेले म्हणजे तो संबंध स्पष्ट दिसू लागतो, आणि विद्येला राज्याने पैसा द्यावा तो कोणत्या अटींवर, व त्या पैशाचा जाब कोणी कोणाला द्यावा, हा जो प्रश्न आज विद्यापीठांच्या स्वायत्ततेच्या नावाने चर्चिला जातो, त्याची आपल्या मुलखातील जन्मकथाही तीतच हाती लागते.

खंडेराव दाभाड्यांस शाहू महाराजांनी १७१७ साली सेनापतिपद दिले. श्रावणात काही दिवस कित्येक हजार ब्राह्मणांस तळेगावी भोजन घालण्याचा दाभाड्यांचा परिपाठ होता, असे ग्रँट डफने नमूद केले आहे. १७३१ च्या एप्रिलात डभईच्या लढाईत खंडेरावांचे पुत्र त्रिंबकराव पडले, आणि ज्या बाजीरावाशी लढताना ते पडले त्यानेच हा परिपाठ पुण्यास पुढे चालविला. मात्र भोजनाच्या जोडीला शास्त्री-वैदिकांस रोकड देण्याची पद्धत त्याने घातली. हा फरक वरकरणी लहान, पण परिणामाने फार मोठा. पंगतीत पान मांडताना बसणाराची विद्वत्ता कोणी विचारीत नाही; रोकड हातावर ठेवताना मात्र कोणास किती हे ठरवावे लागते, ठरवायचे तर पारख करावी लागते, आणि पारख करणारा एकदा नेमला की त्याच्या निःस्पृहतेवर सारी व्यवस्था उभी राहते. रामशास्त्री प्रभुण्यांची आख्यायिका याच जागची आहे. दक्षिणेच्या वेळी शास्त्रीबोवांचे बंधू समोर आले असता नाना फडणविसांनी त्यांस वीस रुपये देण्याची सूचना केली. त्यावर शास्त्रीबोवा म्हणाले की, यांच्या अंगी विद्या नाही, तेव्हा इतरांप्रमाणे दोनच रुपये द्यावेत, आणि भाऊ म्हणून जे द्यायचे ते मी घरी देईन. गोष्ट अक्षरशः घडली असो वा नसो, लोकांनी ती दोन शतके जपून ठेवली यावरून परीक्षकाकडून त्यांची अपेक्षा काय होती ते कळते.

या व्यवस्थेचे दोष झाकण्यात अर्थ नाही. दक्षिणा एकाच जातीला मिळे, आणि देणाराची मर्जी फिरली तर ती बंद पडण्यास कसलाही अडसर नव्हता. १८१८ त पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने असंतोष टाळण्यासाठी ती एकदम तोडली नाही. सालिना पन्नास हजार रुपयांची नेमणूक ठेवली, आणि १८२१ च्या ऑक्टोबरात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. पुढे नवे दक्षिणापात्र घेणे बंद झाले. १८४९ त लोकहितवादींच्या पुढाकाराने पुण्याच्या तरुणांनी सरकारला अर्ज केला की, या निधीतील काही रक्कम मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांना द्यावी. सनातनी मंडळी खवळली. तरीही अर्ज मान्य झाला, आणि दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली. म्हणजे श्रावणातली दक्षिणा आता ग्रंथाचे बक्षीस झाली, आणि रमण्याच्या, म्हणजे दक्षिणा वाटण्याच्या, आवारातील परीक्षकाची जागा कमिटीने घेतली.

परंतु परीक्षकाची परीक्षा कोण घेणार, हे कोडे कमिटीनेही सोडविले नाही. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे धाडले. भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही व नाटक नापसंत झाले, अशी तक्रार त्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त नोंदवून ठेवली. पैसा सरकारचा, निर्णय विद्वानांचा, आणि त्या निर्णयावर दाद मागण्यास जागा कोठेही नाही: स्वायत्ततेचा हा दुसरा पैलू आपण विसरता कामा नये, कारण विद्वानांची सभा मोकळी झाली म्हणजे ती न्यायी झालीच असे होत नाही.

याच निधीतून दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले, आणि महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांच्यापैकीच होत. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकमध्येही ते दोघे होते, आणि त्याच विद्यापीठाचे कुलगुरुपद १८९३ त भांडारकरांकडे आले. हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणारे. कुलपती गव्हर्नर, आणि सिनेटचे फेलो सरकारनेच नेमावयाचे. १९०४ च्या कायद्याने निवडणुकीला थोडी वाट मिळाली खरी, पण सरकारी अंकुशही त्याच कायद्याने घट्ट झाला.

त्यावरचा उलट प्रयोगही तळेगावातच झाला. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापकी केलेल्या विष्णु गोविंद विजापूरकरांनी राष्ट्रीय शिक्षणासाठी समर्थ विद्यालय काढले. कोल्हापूर, मिरज अशी स्थळे बदलीत ते तळेगावी आले. सरकारी अनुदान नाही, सरकारी परीक्षा नाही, पैसा लोकांचा. पण १९१० साली सरकारने ते बंद पाडले. दाभाड्यांच्या परंपरेत विद्वानाला पैसा होता आणि अभय नव्हते. विजापूरकरांनी पैशाचे स्वातंत्र्य मिळविले, तरी अभय त्यांनाही लाभले नाही.

या दोहोंचा मेळ घालणारा दस्तऐवज मात्र मावळातच आहे, आणि तो या साऱ्या कथेहून फार जुना आहे. लोणावळ्याहून पुण्याकडे येताना डाव्या हाताच्या डोंगरात एकवीरेच्या देवळामागे कार्ल्याचे चैत्यगृह लागते. तेथील एका लेखात शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने करजिक गाव वलूरक, म्हणजे याच, लेण्यांत वर्षावास करणाऱ्या, चारी दिशांहून आलेल्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी दिल्याचे कोरले आहे. दुसरा लेख गौतमीपुत्र सातकर्णीचा मानला जातो. तो मामाल, म्हणजे आजच्या मावळच्या अमात्यास उद्देशून आहे. राज्य बदलले, शक जाऊन सातवाहन आले, तरी तेच गाव भिक्षूंकडे कायम झाले आणि त्यासोबत परिहार दिले गेले: राजपुरुषांनी त्या जमिनीत शिरू नये, तिला हात लावू नये, मिठासाठी खणू नये, मुलखाच्या अंमलदारांनी तीत ढवळाढवळ करू नये. सत्ताधीशाने आपल्याच अंमलदाराला घातलेली ही बंदी दगडात, सर्वांना दिसेल अशी खोदलेली आहे.

युरोपात हेच तत्त्व ११५८ साली बोलोन्याच्या विद्यार्थ्यांना फ्रेडरिक बार्बारोसाने दिलेल्या संरक्षणाच्या आज्ञेत, आणि १२३१ त पॅरिसच्या गुरुजनांना पोप नववा ग्रेगरी याने दिलेल्या सनदेत दिसते. विल्हेल्म फोन हुंबोल्टने तर १८१० च्या बर्लिन विद्यापीठासाठी राजाच्या खालसातील जमीन कायमची तोडून द्यावी असा आग्रह धरला होता, कारण दरसाल खजिन्यापुढे हात पसरणारी विद्या मोकळी राहत नाही हे तो जाणून होता. त्याची ही मागणी पुरी झाली नाही. करजिक गाव ज्यांना मिळाले ते या बाबतीत बर्लिनच्या प्राध्यापकांपेक्षा भाग्यवान म्हणावयाचे.

आपल्याकडे डिसेंबर २०२१ त विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक विधिमंडळाने संमत केले आणि २०२२ त ते मागे घेतले गेले. कुलगुरूच्या नेमणुकीत राज्यपालांचे चालावे की मंत्रिमंडळाचे, हा त्यातला मुख्य तंटा. नेमणुकीचा प्रश्न क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. परंतु जाब देण्याचे बंधन नेहमी विद्येवरच का लादावे, देणारावर का नाही, असा प्रश्न मला पडतो. कारण त्याच उषवदाताने नाशकाच्या लेण्यात तेही करून दाखविले आहे. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेण्यांकडे ठेव म्हणून ठेवले. मुद्दलास कोणी हात लावावयाचा नाही, व्याज तेवढे वापरायचे. दोन हजारांचे व्याज दरमहा शेकडा एक, म्हणजे वर्षाचे दोनशे चाळीस, आणि वर्षावासाच्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. हा सारा व्यवहार त्याने निगमसभेत जाहीर करविला आणि तेथील फलकावर नोंदवून ठेविला.