शांतता, अमन आणि सलूख

सणांच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. आम्हालाही बोलावणे येते. चहा होतो, भाषणे होतात आणि ‘शांतता राखा’ असे सांगून बैठक संपते. घरी परतताना आम्हाला दरवेळी एकच प्रश्न पडतो : यातली शांतता नेमकी कोणती?

वर्गात मुले गप्प बसली तरी मराठीत शांतता आणि युद्ध थांबले तरी शांतताच. पेशवेकालीन मराठीत मात्र सख्याला ‘सलूख’, कराराला ‘तह’ आणि रयतेला दिलेल्या अभयवचनाला ‘कौल’ असे वेगळे शब्द होते. तिन्ही फारसी-अरबीतून येऊन मराठीत मुरलेले. तहही सगळे सारखे नव्हते. 1782 च्या सालबाईच्या तहाने मराठे आणि इंग्रज यांच्यातले युद्ध थांबले. 1802 च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाला गादी परत मिळाली. पण तैनाती फौज आली आणि पुढच्याच वर्षी युद्ध पेटले.

आपल्या घरातले शब्दही बारकावे सांगतात. ‘सलाम’ आणि ‘इस्लाम’ एकाच धातूचे. त्यात सुखरूपपणा आहे. ‘अमन’, ‘अमानत’ आणि ‘ईमान’ यांचाही धातू एकच. त्यात निर्भयता आणि विश्वास आहे. ‘सुलह’ म्हणजे समेट, आणि समेटाला किंमत पडते. इ.स. 628 मध्ये हुदैबिया येथे कुरैशांचे प्रतिनिधी सुहैल बिन अम्र यांनी करारातल्या ‘अल्लाहचे रसूल’ या शब्दांना हरकत घेतली. ते पुसायला हजरत अलींचा हात धजेना, पैगंबरांनी (स.) ते पुसले जाऊ दिले. त्या वर्षी उमरा न करताच परतावे लागले. हजरत उमर यांनाही ते पचायला जड गेले. कुरआनने मात्र त्याला उघड विजय म्हटले.

आपल्याकडचा दाखला भिवंडीचा. 1970 आणि 1984 च्या दंगलींत हे गाव होरपळले. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने तिथे मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. हिंदू-मुसलमान शेजारी पोलिसांसह एकत्र बसू लागले, गाऱ्हाणी मांडू लागले. 1992-93 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडीने स्वतःला सावरले.

ती शांतता गप्प बसून आलेली नव्हती. म्हणून पुढच्या बैठकीत चहा येण्याआधीच आम्ही आमची गाऱ्हाणी मांडू, शेजाऱ्यांचीही ऐकू. गप्प राहण्याचे वचन देण्यापेक्षा सलूख करणे कठीण असते, पण टिकते तेच.