शुश्रूषा करणाऱ्याची विचारपूस

आजाऱ्याची विचारपूस करणे ही आपल्याकडे सुन्नत आहे. पण त्याच्या उशाशी रात्री जागणाऱ्याची विचारपूस कोण करतो? १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबूत ठेवून घेतले. सर्वांना एकत्र बसवून ते आजार समजावून सांगत. आपण एकटे नाही हे कळून नातेवाइकांना धीर येई. पुढे १९७४ मध्ये न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ फ्रॉइडेनबर्गर यांनी सेवाभावी कार्यकर्त्यांच्या मन करपवणाऱ्या थकव्यावर लेख लिहिला. दोहोंचा धडा एकच: सेवा वाटून घ्यावी, मन मोकळे करू द्यावे. विद्यार्थ्यांनो, घरी दादीजान अंथरुणाला खिळल्या असतील, तर एक संध्याकाळ त्यांच्याजवळ तुम्ही बसा आणि अम्मीला विश्रांती द्या. हीही इबादतच आहे.