गोधडीचं पोट



यंदा मे महिन्यात एक राहिलेलं काम काढलं. आईच्या हातची एकच गोधडी माझ्याकडे उरली आहे. तिची एक कड पार विरली होती, टाके निसटले होते. म्हटलं, उसवून नीट करू, चार दिवसांचं तर काम आहे. ते चांगलं तीन आठवडे चाललं, कारण उसवता उसवता मी बघतच बसायची. चौतीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला. सनावळ्या, तह, लढाया सगळं शिकवलं. पण घरातल्या या कापडाकडे त्या नजरेनं कधी पाहिलं नव्हतं.

माझं माहेर बार्शीकडचं, सोलापूर जिल्ह्यातलं. आमच्याकडे गोधड्या शिवायच्या त्या उन्हाळ्यातच. रब्बीची ज्वारी घरात आलेली असायची, शेतातून बायकांना जरा उसंत असायची. जुनी कापडं धुऊन टाकली की तासाभरात खडखडीत वाळायची, ढेकणांचाही बंदोबस्त व्हायचा. शाळांना सुट्टी, माहेरवाशिणी आलेल्या, म्हणजे हातही भरपूर. सकाळी पापड, सांडगे, कुरडया आणि दुपारी ओसरीवर गोधडी. चौघी चार बाजूंना बसायच्या आणि कडेपासून धावदोरा घालत घालत मधे सरकायच्या. टाके मधे येऊन मिळेपर्यंत भावकीतल्या सगळ्यांचा समाचार घेऊन झालेला असायचा!

आता थोडं गणित. नऊवारी लुगड्याची चार पदरी घडी घातली की सव्वादोन वार लांबी मिळते, म्हणजे पावणेसात फूट. धडधाकट माणूस पाय पसरून निजेल एवढी. एका लुगड्यात एक चौघडी तयार. तेच सहावारीची चार पदरी घडी घाला, दीड वार भरते. त्यात लेकरू मावेल, बाप मावणार नाही. नऊवारी गेली तेव्हा आपण पदराचं आणि काष्ट्याचं बोललो. गोधडीचं मापही तिच्याबरोबर गेलं, हे मला आत्ता या वयात, मांडीवर टेप घेऊन बसल्यावर कळलं.

उसवलेल्या गोधडीत काय काय निघालं म्हणता? वरचं अस्तर आईच्या सोलापुरी लुगड्याचं, काठ अजून शाबूत. त्याखाली माझ्या शाळेच्या परकराचे तुकडे. मग मुंबईला गिरणीत असलेल्या चुलतभावानं कधीतरी आणलेलं छापील कापड. त्याची गिरणी पुढे १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात बंद पडली. अडीच लाख कामगारांचा तो संप. तो गावी परतला आणि असं कापड यायचं थांबलं. सगळ्यात आत एक जाडंभरडं, मळकट पांढरं कापड होतं. ते मी ओळखलं, कारण आईनं लहानपणी दाखवलं होतं. ते ‘कंट्रोलचं’. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, १९४३ मध्ये सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं आणि लोकांच्या तोंडी ‘कंट्रोल’ हा शब्द बसला तो कायमचा. आईचं लग्न १९४६ चं. ते कापड आधी आजीनं नेसलं, मग आईनं, मग ते गोधडीत गेलं. फेकलं कोणीच नाही.

हीच रीत परसातही होती. मोरीचं पाणी वाया घालवायचं नाही, ते चर काढून आळवाला आणि पुढे शेवग्याला. दोडक्याची भाजी केली की शिरा टाकायच्या नाहीत, त्या परतून तीळ, सुकं खोबरं, लसूण, मिरची घालून चटणी. भोपळ्याच्या फोडींचे घारगे आणि बिया धुऊन उन्हात. शेवग्याची तर फुलंसुद्धा सोडली नाहीत. शेंगा आमटीत, पाला भाजीत.

१९७२ च्या दुष्काळात या शेवग्यानं आम्हाला हात दिला. मी तेव्हा बावीस वर्षांची, नुकतीच शाळेत लागले होते. विहिरी आटल्या, माणसं खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेली, तिथे सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो आला. त्याची भाकरी थापताना चिरायची आणि घशाखाली उतरता उतरायची नाही. आई शेवग्याचा पाला डाळीचा कण घालून शिजवायची आणि त्याच्याबरोबर ती भाकरी जायची. अंघोळीचं दोन तांबे पाणी त्या झाडाला जायचंच, मग आम्ही अंग पुसून घेतलं तरी चालेल. पुढे वर्गात दुष्काळ आणि रोजगार हमी शिकवताना मी आकडे सांगितले. शेवगा सांगितला नाही.

आता जे लिहायला हा सगळा प्रपंच मांडला, ते लिहिते.

१९७९ सालची मे महिन्याची सुट्टी. वडील जाऊन वर्ष झालं होतं. मी मिळवती, शहरात संसार थाटलेली, माहेरी येऊन आवराआवर करायचा मला मोठा उत्साह. माळ्यावर जुन्या कापडांचं एक गाठोडं सापडलं. त्या वर्षांत स्टेनलेस स्टीलचं भारी वेड होतं. तांब्यापितळेला कल्हई करत बसायचा सगळ्यांना कंटाळा आला होता आणि दारोदार बोहारणी यायच्या. जुने कपडे द्या, चकचकीत भांडं घ्या. गोधडीत जाणारी किती लुगडी त्या पाटीतून गेली असतील, याचा हिशोब कुठल्याच दप्तरात नसेल. मी घासाघीस करून आठ लुगडी आणि चार धोतरं दिली आणि झाकणाचा मोठा डबा घेतला. सौदा छान झाला म्हणून खूष होते.

आई परसातून आली, ओच्यात दोडके. तिनं डबा पाहिला, रिकामा माळा पाहिला. ‘बरं झालं, पीठ ठेवायला होईल,’ एवढंच म्हणाली. रात्री दोडक्याची भाजी आणि शिरांची चटणी केली. नेहमीसारखीच झाली होती.

आई गेल्यानंतर मावशीनं सांगितलं. ती धोतरं वडिलांची होती. वर्ष झालं की त्यांची गोधडी शिवायची, म्हणून आईनं ती धुऊन, घड्या घालून ठेवली होती. दोरा आणि सुईही आणली होती. आईनं त्यानंतर एकही गोधडी शिवली नाही. तिचे डोळे अधू झाले म्हणून, असं मी समजत होते. तेही असेल.

डबा अजून आहे. त्यात पीठच ठेवते. पोचा नाही, डाग नाही. स्टील ते, टिकायचंच.

परवा गोधडीच्या अगदी मधोमध पोचले तेव्हा एक बारीकशी पुरचुंडी हाती लागली. आमच्याकडे शेवटचा टाका घालण्याआधी मधे चार दाणे ज्वारीचे ठेवायचे. गोधडीचं पोट रिकामं राहू नये, म्हणजे तिच्याखाली निजणारा उपाशी निजणार नाही, असं आजी म्हणायची. दाण्यांचं केव्हाच पीठ झालं होतं. मी ते परसातल्या कुंडीत टाकलं. हो, परस आता गच्चीवर आहे, पण दोडका लागतो. नवे चार दाणे बांधून ठेवले आणि कंट्रोलचं कापड होतं तिथेच, आत शिवून टाकलं.

असो. आता घरच्या मंडळींना एक विनंती. आईनं प्रत्येकाच्या बारशाला, लग्नाला काही ना काही शिवून दिलेलं आहे. कपाटाच्या तळाशी एखादी गोधडी, दुपटं असेल तर बोहारणीला देऊ नका आणि गाडी पुसायलाही काढू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवा, कुठलं कापड कोणाचं ते विचारा आणि लिहून ठेवा. सांगणारी माणसं आहेत तोवरच हे होईल. मला कळवलंत तर मी एका वहीत उतरवून घेईन. आणि कोणाकडे वडिलांच्या धोतराचा एखादा तुकडा निघाला, तर तो मला द्याल का? उरलेली कड त्यानंच लावायची आहे.