चौदा कोअर आणि दोन बैल

मंडळी, आजचा विषय थोडा यंत्रांचा आहे, पण आत्या-मावश्यांनी घाबरून पान बंद करू नये. प्रश्न घरातलाच आहे. जुनं पण मोठं घ्यावं की नवं पण लहान? आपण तो मोटारीच्या बाबतीत विचारतो, फ्लॅटच्या बाबतीत विचारतो. आपल्या देशाने तो संगणकाच्या बाबतीत निदान दोनदा विचारला. दोन्ही वेळी पैसा फारसा नव्हता आणि दोन्ही वेळी उत्तर वेगळं आलं.

पहिली गोष्ट आयबीएम १४०१ची. हे यंत्र अमेरिकेत १९५९ साली जाहीर झालं. कार्डं खाणारं, छापखान्यासारखा आवाज करणारं धूड. स्मृती किती? जास्तीत जास्त १६ हजार अक्षरं. म्हणजे तुम्ही वाचताय तो लेखही त्यात जेमतेम मावेल. तरी त्या काळी ते क्रांतिकारक होतं, कारण मधल्या आकाराच्या कंपनीलाही परवडेल असा तो संगणक. भारतात ते साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आलं. पुढे रेल्वेच्या क्षेत्रीय मुख्यालयांत, एलआयसीत, मोठ्या तेल कंपन्यांत ते बसलं. पगारपत्रकं, मालवाहतुकीचे हिशेब, विम्याचे हप्ते, असली कामं.

मेख अशी होती की १९६४ साली आयबीएमने सिस्टिम ३६० जाहीर केली आणि १४०१ तिच्या मायदेशात म्हातारी झाली. तिकडच्या गिऱ्हाइकांनी परत केलेली यंत्रं कंपनी इकडे आणायची, मुंबईच्या कारखान्यात झाडूनपुसून दुरुस्त करायची आणि आपल्याकडे भाड्याने द्यायची. तिकडे भंगाराच्या वाटेवर असलेलं यंत्र इकडे नव्यासारखं भाडं मिळवायचं. यावरून सत्तरच्या दशकात संसदेच्या समित्यांनीही बराच राग काढला, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता.

पण मला दुसरी बाजूही दिसते. देशात प्रोग्रॅमरांची पहिली मोठी पिढी याच जुन्या यंत्रांवर शिकली. दुरुस्तीची माणसं तयार होती, सुटे भाग मिळत होते, प्रोग्रॅम लिहिलेले होते. परकीय चलनाची मारामार असलेल्या देशाला याहून जास्त काय हवं होतं? नवं यंत्र म्हणजे डॉलर, आणि डॉलर म्हणजे दिल्लीच्या चकरा.

पुढचं बऱ्याच जणांना ठाऊक आहे. १९७३चा परकीय चलनाचा कायदा आला, त्यातली भागभांडवल कमी करण्याची अट आयबीएमला मान्य झाली नाही, आणि १९७८ साली कंपनीने गाशा गुंडाळला. मागे राहिलेली यंत्रं सांभाळायचं काम सीएमसी या सरकारी कंपनीकडे आलं. ती १९७५ साली स्थापन झाली होती आणि तिच्या नावातच ‘मेंटेनन्स’ होतं. रिकाम्या झालेल्या जागेत एचसीएल, डीसीएम यांच्यासारख्या देशी कंपन्या मायक्रोप्रोसेसरवर बांधलेली लहान यंत्रं घेऊन उतरल्या. म्हणजे जुन्या-मोठ्याची जागा नव्या-लहानाने घेतली. पण ती विचारपूर्वक निवडीने घेतली म्हणावं, तर तसंही नाही. भाडेकरू उठून गेला आणि खोली रिकामी झाली, असा प्रकार.

दुसरी गोष्ट जास्त रंगतदार आहे आणि तिच्यात आपली मराठी माणसं आहेत.

ऐंशीच्या दशकात पावसाचा अंदाज संगणकावर बांधायचा म्हणून भारताला सुपरकॉम्प्युटर हवा होता. आपल्या मराठवाड्यात राहणाऱ्याला त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मृगात पेरावं की थांबावं, या एका निर्णयावर घर उभं राहतं किंवा बसतं. सुपरकॉम्प्युटर म्हणजे तेव्हा क्रे. भारताने मागितला एक्स-एमपी २४. अमेरिकेने तो दिला नाही. तुम्ही त्यावर अणुबॉम्बची गणितं कराल, ही शंका. बऱ्याच घासाघिशीनंतर मिळाला तो एक्स-एमपी १४, म्हणजे त्याच घराण्यातला एका प्रोसेसरचा धाकटा भाऊ, आणि तोही पाळत ठेवण्याच्या अटींसह. १९८९ साली तो दिल्लीच्या हवामान केंद्रात सुरू झाला. लक्षात घ्या, एक्स-एमपी हे घराणं १९८२ सालचं, आणि त्याचा वारस वाय-एमपी १९८८ सालीच बाजारात आलेला. म्हणजे आपल्याला मिळाला तो मागच्या पिढीतला, कमी ताकदीचा क्रे. तो थंड ठेवायला फ्रिऑनची यंत्रणा, त्याला लागणारी वीज, सगळा थाट राजेशाही.

त्याच सुमारास, १९८८ साली, पुण्यात सी-डॅक सुरू झालं. प्रमुख डॉ. विजय भटकर, मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. मुदत तीन वर्षं. (आपल्यापैकी बहुतेकांना सी-डॅक माहीत आहे ते मराठी टायपिंगमुळे, त्या जिस्ट कार्डामुळे आणि नंतरच्या फॉण्टांच्या भानगडींमुळे. गल्लीतल्या डीटीपीवाल्याकडे लग्नपत्रिका छापताना आपण ज्यांना शिव्या दिल्या ते हेच :) पण त्यांचं मूळ काम सुपरकॉम्प्युटरचं.)

क्रेसारखा एकच राक्षसी प्रोसेसर बनवणं आपल्याला शक्य नव्हतं. मग त्यांनी इंग्लंडातल्या इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर घेतला. ही एक साधी, बाजारात मिळणारी चिप होती. तिची खुबी अशी की तिच्या अंगालाच चार दुवे होते, शेजारच्या चार चिपांशी थेट बोलायला. चार शेजारी धरा, त्यांचे चार शेजारी धरा, की झालं जाळं. १९९१ साली परम ८००० तयार झाला, तो अशा चौसष्ट नोडांचा.

क्रे कंपनीचे सेमूर क्रे या पद्धतीची थट्टा करायचे असं सांगतात. शेत नांगरायला तुम्ही दोन दणकट बैल जुंपाल की हजारभर कोंबड्या, असा त्यांचा सवाल. आमच्या आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी क्रेचीच बाजू घेतली असती. बैलाच्या बाबतीत ते पक्के होते.

पण नांगरणी हे काम मुळात कोंबड्यांचं नाहीच. शेतातले किडे टिपायचे असतील तर? तिथे हजार कोंबड्या दोन बैलांना भारी पडतात. सगळा वाद या एका मुद्द्यावर येऊन थांबतो, काम वाटून देता येतं की नाही. जीन अॅमडाल नावाच्या आयबीएमच्या माणसाने १९६७ साली हे नीट मांडलं. कामाचा जो भाग वाटता येत नाही, तो शेवटी तुमची गाडी अडवतो, मग मजूर कितीही लावा. लग्नाच्या पंगतीला वीस वाढपी लावले तर वाढणं चटकन होईल. पण कुकरची शिट्टी वीस जण उभे राहिले म्हणून लवकर होत नाही. वाटता न येणारा भाग कामाचा दहावा हिस्सा असेल, तर लाख प्रोसेसर लावूनही वेग दहापटीच्या पुढे जात नाही. हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे, कागदावर मांडून बघा.

म्हणूनच परमवर जुने प्रोग्रॅम नुसते उचलून ठेवता येत नव्हते. ते फोडून, वाटून, नव्याने लिहावे लागत. क्रेवर बाहेरून आलेलं हवामानाचं गणित तुलनेने सरळ चाले. देशाने शहाणपणा केला तो इथे. दोन्ही घेतलं. यंदाच्या पावसाचा अंदाज थांबवता येत नाही, म्हणून तातडीच्या कामाला मागच्या पिढीचा मोठा क्रे, आणि शिकायला, पुढची वाट शोधायला लहान चिपांचा परम. जग पुढे कोणत्या वाटेने गेलं ते आपण बघतोच आहोत. १९९४ साली नासाच्या दोन संशोधकांनी सोळा साध्या ४८६ पीसी एका दोरीत ओवून बेवुल्फ केला. १९९८चा परम १०००० सनच्या सर्व्हरांवर बांधला. २००७ साली पुण्यातच टाटांच्या सीआरएलने ‘एक’ हा संगणक उभारला, तो जगात चौथा आला. सेकंदाला सुमारे ११८ लाख कोटी क्रिया. आणि त्याच्या पोटात काय होतं? एचपीचे सर्व्हर आणि इंटेलचे क्वाड-कोअर झिऑन.

तर झिऑन. इथून गोष्ट आमच्या घरात येते.

झिऑन हे नाव इंटेलने १९९८ साली पेंटियम टूच्या सर्व्हर आवृत्तीला दिलं. आतला गाभा घरगुती पेंटियमचाच, फक्त कॅशे मोठी आणि एका बोर्डावर जास्त प्रोसेसर बसवायची सोय. दोन्ही एकाच आईची लेकरं, एक नोकरीला लागलं, एक घरी राहिलं. पुढे मोठमोठ्या डेटा सेंटरांनी हे झिऑन हजारोंनी घेतले. चार-पाच वर्षांनी विजेचं बिल आणि जागेचं भाडं परवडेना, की ते काढून नवे बसवायचे. काढलेले कुठे जातात? जुन्या बाजारात. २०१२ सालचा आठ कोअरचा ई५-२६७० असाच काही वर्षांत मातीमोल भावाने मिळू लागला. त्यानंतर २०१६ सालचा ई५-२६८० व्ही४, चौदा कोअर, अठ्ठावीस थ्रेड. आयबीएमच्या १४०१चा प्रवास पन्नास वर्षांनी पुन्हा, फक्त या वेळी भाडेकरार नाही, रोख सौदा.

माझा भाचा चिकलठाण्यात डाय डिझाइनचं काम करतो. आधी नोकरी होती, आता स्वतःचं काढलंय, भाड्याच्या एका खोलीत. प्रेशर डाय कास्टिंगच्या साच्यांची ड्रॉइंगं करून द्यायची, आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर धातू साच्यात कसा वाहील त्याचं विश्लेषणही. ताईने पतपेढीतली ठेव मोडून त्याला ८० हजार दिले. त्यात यंत्र, यूपीएस, टेबल-खुर्ची सगळं. दुसऱ्यांदा मोडायला ठेव नाही, हे ताईने स्पष्ट सांगितलंय. देशाला क्रे आणि परम दोन्ही घेता आले, याला एकच घ्यायचं होतं.

कॅनॉटमधल्या एका दुकानदाराने त्याला जुना झिऑन दाखवला. चिप अडीच-तीन हजारांची, चिनी बोर्ड, ६४ जीबी जुनी सर्व्हर रॅम. "मामा, चौदा कोअर! आणि आय-५ १२४०० मध्ये सहाच," भाचा फोनवर म्हणाला. आवाजात लग्न ठरल्याचा उत्साह.

झिऑनच्या बाजूने खरंच बोलण्यासारखं आहे. त्याला रॅमचे चार मार्ग, आय-५ला दोन. कागदावर सेकंदाला ७६.८ जीबी विरुद्ध डीडीआर-४ रॅमवर ५१.२. मोठी गणितं सोडवताना हा फरक जाणवतो. पण त्याचा वेग फार तर ३.३ गिगाहर्ट्झ, आणि २०२२चा आय-५ ४.४ पर्यंत जातो. शिवाय दर ठोक्याला त्याचं काम जास्त. झिऑनच्या पोटात ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लागणारच. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे ओळखत नाही आणि विंडोज १०ची मोफत साथ मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवली. बोर्ड गेला तर? १४०१ला निदान सीएमसी होती.

विजेचा हिशेब मी मांडून दिला. कामात असताना शंभर वॉटचा फरक धरा, दिवसाला दहा तास, वर्षाचे तीनशे दिवस. झाले तीनशे युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला तीन हजार. म्हणजे चिपची किंमत दरवर्षी महावितरणला. त्यात आपला एप्रिल-मे, पत्र्याखालची खोली. २००५-०६ सालचं भारनियमन ज्यांनी इथे काढलंय त्यांना यूपीएसवर किती वॉट टांगायचे हा प्रश्न आपोआप सुचतो.

तरी मी त्याला अमुक घे असं सांगितलं नाही. म्हटलं, आठवडाभर वही ठेव. जुन्या मशीनवर काम करताना जिथे थांबावं लागतं तिथे घड्याळ बघ आणि लिही. बीकॉम झालेल्या मामाचा सल्ला याहून पुढे जात नाही.

वही बघण्यासारखी होती. धातूच्या प्रवाहाचं विश्लेषण महिन्यातून दोनदा, तेही रात्री लावून झोपायचं. बाकी सगळं थांबणं एकाच प्रकारचं, मॉडेलमध्ये एक माप बदललं की पुढची सगळी वळणं, खाचा, छिद्रं एकामागोमाग पुन्हा तयार होतात. ज्याच्यावर पुढचं अवलंबून आहे ते आधी व्हायलाच हवं. हे वाटता येत नाही, तेरा कोअर बघत बसतात. एकेका वेळी दहा सेकंद, वीस सेकंद, दिवसातून शंभर-दीडशे वेळा. अॅमडालसाहेबांचं सूत्र चिकलठाण्यातल्या वहीत निळ्या शाईने लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्याने आय-५ घेतला. रॅम सध्या ३२ जीबीच, ग्राफिक्स कार्ड नंतर, पहिल्या दोन-तीन बिलांचे पैसे आले की. रात्रीचं विश्लेषण झिऑनवर कदाचित लवकर झालं असतं, ते त्यालाही ठाऊक आहे. गिऱ्हाइकं उद्या तेच जास्त मागायला लागली तर हिशेब पुन्हा मांडावा लागेल, आणि तेव्हा मी वही पुन्हा मागणार आहे.

तो झिऑन दुकानात फार दिवस पडून राहिला नाही. सिडकोतल्या एका मुलाने नेला. त्याचं काम बिल्डरांसाठी घरांची थ्रीडी चित्रं करायचं. चित्राचे हजार तुकडे करून हजार जणांना वाटता येतात, त्यामुळे त्याचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस थ्रेड रात्रभर धावतात. खोलीत हीटर लावल्यासारखं होतं म्हणे, पण डिसेंबरात ते बरंच वाटतं.